काहिलीचं बूड

गुंडाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. कोंबडा त्याच्या नंतर उठायचा, आणि याचा त्याला थोडा अभिमान होता. गुऱ्हाळाच्या दिवसांत हे बरोबरच होतं. तीनला चरकाला बैल जुंपायचे, उजाडायच्या आत पहिल्या काहिलीपुरता रस पाडायचा आणि चुलवाण पेटवायचं. पण फाल्गुनात हंगाम संपून गुऱ्हाळ मोडलं तरी गुंडा तीनलाच उठे. करायला काही नसे. मग तो अंगणात बसून खाकरत राही, आणि त्याची बायको बनुबाई आतून म्हणे, की उठलाच हायसा तर पाणी तरी भरा.

कराडच्या खाली दोन कोसांवर, कृष्णाकाठी, हंबीररावांचं गुऱ्हाळ होतं. गुंडा तिथला गुळव्या. रस आटवून त्याचा गूळ करायचा तो गुळव्यानं. बाकीचे ऊस तोडतात, चरकात घालतात, चुलीला चिपाडं घालतात, पण काहिलीपुढं उभा राहतो तो एकटा. काहील म्हणजे लोखंडी कढई. पाच हात रुंद, सपाट बुडाची, मांडीइतक्या काठाची. उचलायला सहा माणसं लागतात.

वीस वर्षं गुंडा या कढईपुढं उभा होता. रस तापला की वर मळी येते, ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं सारखी काढावी लागते. यात त्यानं तीन गोष्टी ठरवल्या होत्या. जोर कमरेतून लावायचा. दंडातून लावणारा दुपारपर्यंत खाली बसतो. शंभर झारे झाले की हात बदलायचा, थकलेला असो वा नसो. आणि मळी झटकायची ती वाऱ्याकडं पाठ करून, नाहीतर वाफ तोंडावर येते. या गोष्टी त्याला कुणी विचारत नसे. तो सांगत असे.

काहिलीचं दुसरं काम पावसाळ्यात निघायचं. कृष्णेला पूर आला, नाव बंद पडली, की अडलेलं माणूस काहिलीत बसून पलीकडं जायचं. आजूबाजूच्या गावांत हे सगळेच करत. गुंडा जरा जास्त करायचा. लाकडी फावड्याचं वल्हं करून तो काहील अशी फिरवत न्यायचा, की बघणाऱ्याला चक्कर यावी. तिथंही त्याचे नियम होते, पण दोनच. मधोमध बसायचं. आणि हलायचं नाही. काहील गोल. कडेला सरकलात की बुडालात.

त्रेचाळीस सालच्या नागपंचमीला बनुबाईला पलीकडं माहेरी जायचं होतं. पूर होता. नाव दोन दिवस बंद होती. गुऱ्हाळावर पालथी घातलेली काहील गुंडानं पाच माणसं गोळा करून नदीत घातली, हंबीररावांना न विचारता. बनुबाईला मधोमध बसवलं. वाटेत तीनदा सांगितलं, की हलू नगंस. ती हलली नाही. काहील पलीकडच्या घाटाजवळ आली, पाण्याखाली बुडालेल्या दगडी पायरीवर बसली, आणि बुडाखालून कर्रकन आवाज आला. बनुबाई तेव्हाही हलली नाही. तिनं फक्त नवऱ्याकडं बघितलं.

त्या हंगामात काहील गळली. फार नाही, थेंब. गुंडानं चुना आणि गुळाचं लुकण भरलं. ते दोन दिवस टिके, मग चुलीत परत थेंब पडे आणि चुर्र असा आवाज येई. दिवसभरात तो आवाज कितीदा येतो हे गुऱ्हाळावरच्या सगळ्यांना माहीत होतं. गुंडाला ऐकू येत नसे.

हंबीरराव रागावले नाहीत, म्हणजे प्रकरण कठीण होतं. गुऱ्हाळ मोडलं त्या दिवशी त्यांनी गुंडाला बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, की दसऱ्याच्या आत काहिलीला नवं बूड बसलं पाहिजे, ज्यानं फोडलं त्यानं बसवावं. नाहीतर कागलाकडचा एक गुळव्या यायला तयार आहे, तो आपली काहील गाडीत घालूनच येतो.

गुंडानं चहा संपवला. वीस वर्षांत त्याला दुसरं काम आलं नव्हतं, आणि येणार नव्हतं.

लढाईचे दिवस. लोखंडी पत्रा औषधाला मिळत नव्हता. कराडात ज्ञानू लोहाराकडं जुन्या बॉयलरचा एक जाड पत्रा होता. त्यानं तो ज्येष्ठाच्या अमावस्येपर्यंत ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर जो येईल त्याचा.

म्हणून वैशाखात गुंडा कृष्णात गाडीवानाबरोबर कोकणात उतरला. पाऊस पडायच्या आत गुळाच्या गाड्या कुंभार्ली घाटानं खाली जात आणि येताना मीठ, नारळ, सुकी मासळी आणत. एरवी गाड्या चिपळुणातूनच माघारी फिरायच्या. त्या साली व्यापाऱ्यानं थेट समुद्राकाठच्या एका लहानशा बंदरापर्यंत भाडं ठरवलं होतं. गुंडा ढेपा चढवायला आणि उतरवायला. त्या हमालीत पत्रा ठोकायचे रिवेट निघाले असते. पत्रा निघाला नसता. हे त्याला निघतानाच ठाऊक होतं, पण घरी बसून खाकरण्यापेक्षा बरं.

बंदरावर ढेपा उतरवल्या. माघारी न्यायचा माल भरायला दोन दिवस होते. गाडीवान गाड्यांखाली झोपले. पहाटे तीनला गुंडा उठला आणि करायला काही नाही म्हणून वाळूत जाऊन बसला. पुढं समुद्र होता. तो त्यानं कालच बघितला होता आणि कृष्णात्याला सांगितलं होतं, की आहे मोठा, पण पूर म्हणजे पूर.

लखू तांडेल होडीत जाळं चढवत होता. त्याची होडी लहान, तीन माणसांची. एक तो, एक त्याचा मेव्हणा नाथा, आणि तिसरा गडी रात्रीपासून तापानं फणफणला होता. दोन दिवस आभाळ धड नव्हतं. चार दिवसांत होड्या वर ओढून त्यांच्यावर माडाची झापं घालायची होती. ही शेवटची फेरी; ती टाकली तर पावसाळाभर हात बांधून बसायचं. त्या वेळी साऱ्या किनाऱ्यावर उठलेलं माणूस एकच होतं.

"ए घाटी," लखूनं विचारलं, "होडीत बसलायस कधी?"

गुंडानं सांगितलं, की त्याची हयात पाण्यावर गेली. भर पुरात माणसं तारलीत. यात खोटं काही नव्हतं. कशात बसून तारली ते त्यानं सांगितलं नाही, आणि लखूला घाई होती.

लखूचं बोलणं सरळ होतं. पैसा मिळणार नाही, सुकी मासळी मिळेल. माणसासारखं काम केलंस तर पुरा वाटा, नाही केलंस तर परत येऊन गाडीखाली झोप. पुऱ्या वाट्यात किती मासळी येते ते गुंडानं विचारलं, कराडच्या बाजारात आगोटीला, पावसाच्या तोंडावर, तिचं काय येतं ते मनात धरलं, आणि त्याला ज्ञानू लोहाराचा पत्रा दिसला.

त्यानं जाऊन कृष्णात्याला हलवलं आणि वहाणांवर लक्ष ठेवायला सांगितलं. कृष्णात्यानं डोळे न उघडता विचारलं, "कुटं निगालास?"

"कामाला."

"वल्लं हुशील," कृष्णात म्हणाला आणि कुशीवर वळला.

होडीत पाय टाकण्याआधी गुंडानं ओंजळभर पाणी घेतलं, कपाळाला लावलं आणि तोंडात घातलं. कृष्णेत उतरताना तो असंच करायचा. मग तो काही वेळ तोंड मिटून बसला, कारण थुंकलं तर लखूला कळलं असतं. नाथाला कळलंच. तो पलीकडं तोंड करून खोकला.

होडी लाटांच्या पलीकडं गेली तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. गुंडा मधोमध बसला. तिथं जाळं होतं, त्याच्यावर बसला. नाथानं त्याला उठवलं, जाळं सोडायला घेतलं, आणि जाळं सरकलं तसा गुंडा परत तिथंच बसला. लखूनं सांगितलं, की कडेला बस, वजन तोलायला लागतं. गुंडानं मान डोलावली आणि हलला नाही. पोरासोरांसारखं कडेला बसणारा तो नव्हता.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, की पाण्याचा उतार कुठल्या अंगाला आहे. नाथा म्हणाला, उतार नाही. गुंडाला ते पटलं नाही. पाणी आहे म्हणजे उतार असणार. यांना सापडला नसेल. तो बराच वेळ पाण्याकडं एकटक बघत उतार शोधत राहिला. दोनदा त्यानं ओकायला होडीच्या काठाबाहेर मान काढली. तेवढ्यापुरता तो कडेला गेला. काम झालं की परत मधोमध.

जाळं ओढायची वेळ आली तेव्हा मात्र लखूनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. ओलं जाळं जड असतं. नाथा दंडानं ओढत होता आणि फुसफुसत होता. गुंडा पाय रोवून कमरेतून मागं जात होता. एका लयीत, न बोलता. मांदेली येत होती, ढोमे येत होते, मधूनच एखादी सुरमई. होडीचा तळ चमकायला लागला. गुंडाला मासळी दिसत नव्हती, पत्रा दिसत होता. कोपऱ्याकडून भरत चाललेला.

वारा पडला. समुद्र तेलासारखा झाला. दक्षिणेला आभाळ काळं नव्हतं, जांभळं होतं. लखूनं तिकडं दोनदा बघितलं आणि सांगितलं, की राहिलेलं जाळं लवकर घ्या. त्यानं शीड चढवलं, होडीचं तोंड किनाऱ्याकडं केलं. शेवटचं जाळं आत येतंय तोवर वारा आला. वाढत वाढत आला नाही. एकदम आला, थोबाडीत मारल्यासारखा.

शीड फुगलं आणि होडी एका अंगावर कलली. अशा वेळी माणसांनी वर उठलेल्या अंगाला जाऊन काठावर बसायचं असतं, म्हणजे वजनानं होडी खाली येते. लखूनं तसं ओरडून सांगितलं. नाथा उठलाही होता.

पण गुंडाला दिसलं ते वेगळं. काहील कलली आहे आणि एक शहाणा माणूस कडेला निघालाय. वीस पुरांत त्यानं हेच होऊ दिलं नव्हतं. त्यानं नाथाची कंबर दोन्ही हातांनी धरली, त्याला ओढून मधोमध बसवलं आणि वर स्वतः बसला.

"मदी बसा," तो ओरडला, "हलू नगा!"

गुळव्याच्या हातातून सुटणं सोपं नसतं. नाथा सुटला नाही. होडी आणखी कलली, खालच्या काठावरून पाणी आत आलं, गुडघ्याएवढं आलं, आणि त्याच काठावरून निम्मी मासळी जिथून आली होती तिथं परत गेली. लखूनं शिडाची दोरी सोडून दिली. शीड फडफडत मोकळं झालं, होडी कशीबशी सरळ झाली. आता ती होडी कमी आणि हौद जास्त होती.

लखू रागानं ओरडेल असं नाथाला वाटलं. तो हळूच बोलला.

"कशातनं माणसं तारलीस रे तू?"

"काहिलीतनं."

"काहील म्हणजे?"

"गूळ करायची कढई."

लखूनं नाथाकडं बघितलं. नाथानं, गुंडाच्या खालून, लखूकडं बघितलं.

"वाटा नाय तुला," लखू म्हणाला. "आता पाणी काढ."

गुंडा उठला. पत्रा गेला, एवढं त्याला कळलं. दसरा दिसला, कागलाचा गुळव्या गाडीतून काहील उतरवताना दिसला. मग त्याला पाणी दिसलं.

पाणी काढायला रॉकेलचा एक डबा होता, वरून कापलेला, आडवी लाकडी मूठ बसवलेला. तो आधीच नाथाच्या हातात होता. नाथा भराभरा उपसत होता, जीव खाऊन, वाऱ्याच्या तोंडावर. दहातले तीन डबे त्याच्याच अंगावर परत येत होते. पाचशे मोजायच्या आत त्याचा दंड भरला.

गुंडानं डबा घेतला. आधी त्यानं वाऱ्याकडं पाठ केली. मग पाय फाकून होडीच्या दोन फळ्यांना टेकवले, गुडघ्यांत वाकला आणि सुरू झाला. घाई नाही. कमरेतून खाली, कमरेतून वर, वाऱ्याबरोबर बाहेर. शंभर झाले की हात बदलला. थकला नव्हता तरी बदलला.

पाऊस आला. लाटा काठावरून आत येत राहिल्या. तो पाच डबे काढायचा आणि समुद्र दोन आत टाकायचा. म्हणजे तीन उरले, हा हिशेब गुंडाला मान्य होता. गुऱ्हाळावर याहून वाईट दिवस त्यानं बघितले होते. नाथानं दोनदा हात पुढं केला. गुंडानं मान हलवली. काहील चुलीवर असताना झारा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, असं तो म्हणाला, आणि नाथा लखूच्या सांगण्यावरून वर उठलेल्या अंगाला जाऊन बसला. गुंडानं त्या वेळी डोळे मिटून घेतले, पण त्याला अडवलं नाही.

असे चार तास. लखू अर्धं शीड धरून, सुकाणू दाबून, वाऱ्याशी घासाघीस करत किनाऱ्याकडं सरकत होता. मधूनमधून तो होडीच्या तळाकडं बघे. आधी पाणी गुडघ्याला होतं. मग पोटरीला आलं. मग तळाच्या आडव्या फळ्या दिसल्या. एकदा त्यानं आपल्या तोंडावरून हात फिरवला आणि त्याच्या ध्यानात आलं, की पावसाचं नि लाटांचं पाणी सोडलं तर तोंडावर डब्यातलं काही उडालेलं नाही. इतके डबे गेले, एक थेंब आत परत पडला नव्हता.

दुपारी होडी वाळूला लागली. किनाऱ्यावर माणसं जमली होती, त्यांत वहाणा हातात धरून कृष्णात उभा होता. चार जणांनी होडी वर ओढली. लखू उतरला, नाथा उतरला. गुंडा आत वाकून पाणी काढतच होता.

"आरं गुळव्या," लखू म्हणाला, "खाली रेती हाय आता."

गुंडानं वर बघितलं, रेती बघितली, तळ बघितला. तळाशी दोन बोटं पाणी होतं. काहिलीत गाळ ठेवून जो घरी जातो त्याची पुढची काहील करपते. त्यानं ते दोन बोटं पाणी काढलं, डबा पालथा घातला आणि मग उतरला. उतरल्यावर त्याला कळलं, की उजव्या हाताची मूठ उघडत नाही. कृष्णात्यानं वहाणा त्याच्या पायांपुढं ठेवल्या.

लखू उरलेली मासळी बघत होता. गुंडा गाडीच्या वाटेला लागला होता. ठरलं होतं ते ठरलं होतं.

"थांब," लखू म्हणाला. "मासळी सांडलीस, त्याचा अर्धा वाटा कापला. पाणी काढलंस, त्याचा अर्धा धरला. वर नाथा जिता आला, पण त्याचं मोल मी ठरवणार नाय. ते त्याच्या बायकोनं ठरवायचं."

नाथाची बायको लखूची सख्खी बहीण. ती पुढं आली, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, घरात गेली आणि सुकवलेल्या सोड्यांचं एक गाठोडं आणून गुंडापुढं ठेवलं. लहान नव्हतं. सोडे म्हणजे सोललेली, वाळवलेली कोळंबी. घाटावर ती सणासारखी खातात. लखू म्हणाला, की एवढं नाथाचं मोल त्यालाही माहीत नव्हतं. नाथा खूश दिसला.

अर्ध्या वाट्याचे सुके बांगडे पोत्यात भरले. दोन दिवसांनी गाड्या निघाल्या. घाट चढताना कृष्णात नाकाला फडकं बांधून बसला होता, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला थांबवून विचारत होता, की समुद्राचा उतार कुणाला सापडला का. पाटण येईपर्यंत गोष्ट गाडीच्या पुढं निघून गेली. गुंडा घरी पोचला तेव्हा बनुबाई उंबऱ्यात उभी होती.

"मदोमद बसला हुतासा न्हवं?" तिनं विचारलं.

त्यानं पोतं खाली ठेवलं. ती आणखी काही बोलणार होती, पण तिला त्याची मूठ दिसली. मग तिनं पाणी तापवायला ठेवलं.

बांगडे कराडच्या बाजारात अर्ध्या दिवसात गेले. सोडे बनुबाईनं स्वतः विकले, एका वकिलाच्या घरी, पायरीवर बसून, आणि अखेरपर्यंत भाव सोडला नाही. ज्येष्ठाच्या अमावस्येला दोन दिवस असताना गुंडा ज्ञानू लोहाराच्या दारात उभा राहिला. वेळ अर्थातच पहाटेची होती, आणि ज्ञानू आंघोळ व्हायच्या आधी दुकान उघडावं लागलं म्हणून दिवसभर कुरकुरत होता.

बूड बसवायला तीन दिवस लागले. जुनं कापून काढलं, पत्रा गोल कापला, भोकं पाडली, लाल तापवलेले रिवेट एका अंगानं ज्ञानूनं आणि दुसऱ्या अंगानं गुंडानं ठोकले. मग काहील गुऱ्हाळावर नेली, चार दगडांवर ठेवली आणि काठोकाठ पाण्यानं भरली. गुंडा तिच्याखाली जाऊन उताणा पडला. सकाळी पडला तो संध्याकाळपर्यंत. जेवणही तिथंच केलं. हंबीरराव दोनदा येऊन वाकून गेले. खालची माती शेवटपर्यंत कोरडी होती.

संध्याकाळी हंबीररावांनी काहिलीच्या बुडावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि कागलाला निरोप धाडायला सांगितला, की तुमी येऊ नका. गुंडा तोवर काहिलीखालून बाहेर आला होता आणि पाठीची माती झाडत होता. हंबीरराव म्हणाले, की एक अट आहे. गुंडानं ती ऐकून घेतली. त्याला ती पटली नाही, पण त्यानं वाद घातला नाही.

ज्ञानूचं देणं भागवून थोडे पैसे उरले होते. बनुबाईच्या मनात त्यांची एक तांब्याची घागर होती. दुसऱ्या दिवशी गुंडा कराडला गेला आणि त्या पैशांची साडेतीन हात साखळी आणि एक पितळी कुलूप घेऊन आला. पावसाळ्यासाठी काहील पालथी घातली, साखळी तिच्या कड्यांतून ओवून गुऱ्हाळाच्या खांबाला बांधली आणि कुलूप घातलं. किल्ली हंबीररावांनी मागितली नव्हती. त्यांनी सांगितलं होतं, की ती बनुबाईकडं द्यायची. तिनं ती चंचीत, सुपारीच्या शेजारी ठेवली.